हार्ट रेटचा छातीपट्टा आणि त्याचं ॲप : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

पट्ट्याला पाचपैकी साडेचार, ॲपला पाचपैकी दोन. एकाच खोक्यातून आलेल्या दोन गोष्टींना इतके वेगळे गुण का दिले, हे सांगायला जरा मागे जावं लागेल. हा पट्टा मी पळताना लावायला घेतलाच नव्हता. मला माझा ताण डोळ्यांनी बघायचा होता.

माझं वय ४८, काम हिशेब तपासणीचं. गेल्या वर्षअखेरीला रात्री अडीचच्या सुमारास जाग यायला लागली. स्वप्न नाही, घाम नाही, फक्त उशीवर टेकलेल्या कानात ठोके ऐकू यायचे. उजव्या कुशीवर वळलं की थोडं कमी, डावीकडे वळलं की पुन्हा. ईसीजी झाला, टूडी एको झाला, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून झालं. सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदयाला काही झालेलं नाही. ताण कमी करा आणि रोज चाला." मी हो म्हणून बाहेर आले आणि फाईल हातात धरून बराच वेळ बाकावर बसले. बीपी मोजता येतं, साखर मोजता येते. ताण कमी झाला की नाही हे मला कोण सांगणार होतं?

आज उत्तर माहीत आहे : ताण थेट मोजणारं यंत्र नाही. पण हृदयाच्या एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंत किती वेळ गेला, हे अगदी बारकाईने मोजता येतं. आणि त्या वेळांवर मेंदूच्या हुकमाने चालणाऱ्या दोन प्रकारच्या नसांचे ठसे उमटलेले असतात.

आधी वस्तूबद्दल. बरगड्यांवर, छातीच्या खालच्या कडेला बांधायची इलॅस्टिकची पट्टी. आतल्या बाजूला रबरासारखे दोन मऊ पॅच, म्हणजे इलेक्ट्रोड. मधोमध टिचबटणांनी अडकवायचा अंगठ्याएवढा सेन्सर, त्यात नाण्यासारखा सेल. पॅच पाण्याने ओले करून बांधायचे. कोरडे राहिले तर पहिली पाच मिनिटं आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. विजेचा संकेत तोच, जो ईसीजीत दिसतो, फक्त तारा नाहीत आणि एकच कोन. मनगटावरची घड्याळं हे काम हिरव्या उजेडाने करतात : उजेड त्वचेत सोडायचा, रक्त किती उजेड शोषतं ते बघायचं. झोपेत, हात स्थिर असताना ते बरं जमतं. पण नाडीची लाट मनगटापर्यंत येईतो तिची धार बोथट होते. शिवाय हात हलला की यंत्र गोंधळतं. माझं जुनं घड्याळ मी पळायला लागले की १६० दाखवायचं आणि मी घाबरून थांबायचे. पट्टा बांधल्यावर कळलं, ठोके १३२ होते; १६० ही माझी मिनिटाला पडणारी पावलं होती.

छातीवरच्या विजेच्या टोकदार शिखरावरून वेळ मोजल्याने पट्टा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत हिशेब देतो. हिशेबाच्या माणसाला याचं मोल कळतं. पहिल्या सकाळी मी खुर्चीत बसून तीन मिनिटं रीडिंग घेतलं आणि कच्चे आकडे उघडले : ८९४, ८६१, ८४७, ८७०, ९०८, ९२३, ८८८. मला वाटलं होतं, निरोगी हृदय घड्याळासारखं चालतं. इथे तर एकही अंतर दुसऱ्यासारखं नव्हतं. पाच मिनिटं मी फक्त श्वासाकडे लक्ष देत पडद्याकडे बघत राहिले. श्वास आत घेताना अंतरं आखूड व्हायची, सोडताना लांबायची. आत, बाहेर, आत, बाहेर, आणि रेघ लाटेसारखी वरखाली. कार्ल लुडविग यांनी १८४७ साली हे टिपून ठेवलं होतं. माझ्या शरीरात ते अठ्ठेचाळीस वर्षं चाललं होतं आणि मला पत्ता नव्हता. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं.

ही लाट कुठून येते, ते कळल्याशिवाय या पट्ट्याचा काही उपयोग नाही. म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

हृदयाला ठोका द्यायला मेंदू लागत नाही. उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तो स्वतःच ठेका धरतो. सगळ्या नसांपासून सुटं केलं तर तरुण माणसाचं हृदय मिनिटाला शंभरच्या आसपास धडधडतं. १९७० साली जोस आणि कॉलिसन यांनी औषधांनी दोन्ही बाजूंच्या नसांचा परिणाम थांबवून हे मोजलं आणि वयानुसार सूत्र दिलं : ११८.१ मधून वयाची ०.५७ पट वजा करा. माझ्या वयाला साधारण ९१ येतात. ज्यांच्यात दुसऱ्याचं हृदय बसवलेलं असतं, त्यांचे बसल्या जागी ठोके ९० ते ११० असतात ते याचमुळे : नसा कापलेल्या असतात.

माझे बसल्या जागी ठोके तेव्हा ६८ होते. म्हणजे कुणीतरी ते ९१ वरून खाली धरून ठेवत होतं. ते काम व्हेगस नसेचं. मेंदूच्या देठातून निघून गळ्यातून खाली उतरणारी ही नस, पाठ्यपुस्तकात जिला परानुकंपी म्हणतात त्या बाजूची, हृदयावर सतत ब्रेक दाबून असते. १९२१ साली ऑटो लोवी यांनी बेडकाची दोन हृदयं घेतली. पहिल्याच्या व्हेगसला विजेचे झटके दिले, ते मंदावलं. मग त्याच्याभोवतीचं मिठाचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं, तर तेही मंदावलं. नस एक रसायन सोडते, हे त्यातून सिद्ध झालं. ते रसायन म्हणजे ॲसिटिलकोलिन. लोवी यांना त्यासाठी १९३६ चं नोबेल मिळालं, हेन्री डेल यांच्यासोबत.

ॲसिटिलकोलिन हृदयात सुटतं आणि जवळजवळ लगेच मोडलं जातं. म्हणून व्हेगसचा ब्रेक एक-दोन ठोक्यांत लागतो आणि काही ठोक्यांतच सुटतो. दुसरी बाजू, अनुकंपी, म्हणजे नॉरॲड्रेनलिन आणि ॲड्रेनलिनवाली, ती सावकाश चढते. पूर्ण जोर यायला वीस-तीस सेकंद जातात आणि उतरायला त्याहून जास्त. श्वासाइतकी जलद लाट हृदयात उमटवू शकते ती फक्त व्हेगस. म्हणूनच एका ठोक्याचं अंतर पुढच्या ठोक्यापेक्षा किती बदललं याची सरासरी काढली की व्हेगसच्या कामाचा अंदाज येतो. या आकड्याला आरएमएसएसडी म्हणतात आणि तो मिलिसेकंदात असतो. पहिल्या महिन्यात सकाळचा माझा आकडा २४ च्या आसपास होता. तो चांगला की वाईट, हे शेजारणीच्या आकड्यावरून ठरत नाही. वय वाढतं तसा तो घटतो, आणि एकाच वयाच्या दोन निरोगी माणसांत दुपटीचा फरक सहज असतो. माझं माप माझ्याशीच.

नऊ महिन्यांत सगळ्यात मोठी गोष्ट मला ऑफिसात कळली. तीन दिवस मी शर्टाखाली पट्टा बांधून कामावर बसले. तिसऱ्या दिवशी दुपारी एका ग्राहकाचा फोन यायचा होता, कागद जुळत नव्हते आणि चूक कुणाची हे ठरायचं होतं. फोन ३ वाजून १० मिनिटांनी आला. संध्याकाळी रेकॉर्ड उघडलं. मला वाटत होतं, फोनवर ठोके वाढले असतील. वाढले होते, ७४ वरून ९८. पण श्वासाची लाट फोनच्या आधीच सपाट व्हायला लागली होती. २ वाजून ४० मिनिटांपासून. तेव्हा मी काय करत होते? काहीच नाही. फोनची वाट बघत कागद सारखे करत होते. त्या अर्ध्या तासात ठोक्यांचा आकडा ७० वरून जेमतेम ७४ वर गेला होता, कुठल्याही घड्याळाने "सगळं ठीक" म्हटलं असतं. पण रेघेतला चढउतार गेला होता. व्हेगसने हात काढून घेतला होता आणि शरीर एका न आलेल्या फोनसाठी तयार होऊन बसलं होतं.

मग रात्री अडीचच्या ठोक्यांचा अर्थ लागला. तेव्हाही मी पडून होते, पळत नव्हते. धोका खोलीत नव्हता, उद्याच्या कामात होता. मेंदूच्या पुढच्या भागाला हा फरक कळतो, पण खालच्या देठाला वरून जो निरोप येतो त्यावर तो काम करतो. वाघ समोर असला तरी आणि ताळेबंद समोर असला तरी पहिली क्रिया तीच : ब्रेक सैल. वॉल्टर कॅनन यांनी १९१५ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांतून लढा किंवा पळा ही कल्पना मांडली. प्राण्याचा हिशेब लढून किंवा पळून झाल्यावर मिटतो. बसून राहिलेल्या माणसाचा तो उघडाच राहतो.

व्यायामाकडे मी याच कारणाने वळले. डॉक्टरांचं "रोज चाला" मला तोवर उपदेश वाटत होतं.

आणि मी चूक केली. उत्साहात पहिल्या दिवसापासून जोरात पळाले. आठवड्यातून पाच दिवस, जीभ बाहेर येईपर्यंत. पट्ट्याने पळतानाचं सगळं छान टिपलं : पहिल्या काही पावलांत ठोके झपकन ७० वरून १०० वर, ही ब्रेक सुटण्याची उडी. मग १०० च्या पुढे सावकाश चढण, ती ॲड्रेनलिनच्या बाजूची. १४० ला लाट जवळजवळ नाहीशी, दोन लागोपाठच्या ठोक्यांत दोन-तीन मिलिसेकंदांचाही फरक नाही. इथपर्यंत ठीक. पण सकाळचा आकडा तीन आठवड्यांत २४ वरून १९ वर आला. मी आणखी जोर लावला, तो १८ झाला. रात्रीची जाग वाढली.

जोरदार व्यायामानंतर व्हेगस पुन्हा पूर्ववत व्हायला २४ ते ४८ तास लागतात, कधी जास्तही. हलक्या व्यायामानंतर एका दिवसात सगळं जागेवर येतं. मी दर २४ तासांनी तीच जखम उघडत होते. वर ऑफिसचा ताण. शरीराच्या दृष्टीने दोन्ही एकाच खात्यात नावे पडतात.

मग वेग निम्मा केला. शेजारी कुणी असेल तर पूर्ण वाक्य बोलता येईल, इतक्याच वेगाने. चढ आला की चालायचं. आठवड्यातून चार दिवस चाळीस मिनिटं, आणि एकच दिवस थोडा जोर. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीत मध्यम व्यायाम आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं आहे, त्यात हे बसतं. सहा आठवडे काहीच घडलं नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण याच टप्प्यावर माणसं पट्टा कपाटात टाकतात. सातव्या-आठव्या आठवड्यापासून आकडा २५, २७, मग एकदा २९. चौथ्या महिन्याच्या शेवटी आठवड्याची सरासरी ३० झाली आणि बसल्या जागी ठोके ६१ झाले.

हे कशामुळे होतं? एक कारण सोपं आहे. नियमित व्यायामाने रक्तातलं पाणी वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त टाकू लागतं, म्हणून त्याला कमी ठोके पुरतात. मानेतल्या आणि महाधमनीच्या कमानीतल्या, रक्तदाब जोखणाऱ्या नसांची टोकं जास्त ताणली जातात आणि देठ व्हेगसला जास्त काम देतो. पण सगळं श्रेय व्हेगसला देणंही बरोबर नाही. वर्षानुवर्षं पळणाऱ्यांमध्ये ठेका धरणारा तो पुंजकाच मुळात मंद होतो, नसांचा परिणाम काढून घेतला तरी त्यांचे ठोके इतरांपेक्षा कमीच राहतात. किती वाटा नसेचा आणि किती पुंजक्याचा, यावर शास्त्रज्ञांचा वाद आहे. माझ्यासारख्या चार महिन्यांच्या पळणारीला त्या वादात पडायची गरज नाही. रात्रीची जाग आठवड्यातून पाचदा यायची ती एकदा यायला लागली, एवढं मला पुरलं.

आता ॲप. इथे माझा राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

ॲप उघडल्यावर सगळ्यात मोठ्या अक्षरात दिसतो तो "रेडीनेस स्कोअर", शंभरपैकी. तो कशावरून काढला हे कुठेही लिहिलेलं नाही. त्याखाली एक काटा : सिम्पथेटिक (अनुकंपी) ४२ टक्के, पॅरासिम्पथेटिक (परानुकंपी) ५८ टक्के. हा काटा मी पहिले दोन महिने देवासारखा मानला. मग वाचन केलं. ठोक्यांमधल्या हळू लयीला सिम्पथेटिक आणि जलद लयीला पॅरासिम्पथेटिक समजून दोघांचा भागाकार करायचा, अशी ती पद्धत आहे. जलद लयीबद्दल ते बऱ्यापैकी खरं आहे. हळू लयीत मात्र व्हेगसचा आणि रक्तदाब सावरणाऱ्या प्रतिक्षेपाचा मोठा वाटा असतो, ती सिम्पथेटिकचं माप नाही. शिवाय या दोन नसा तराजूची दोन पारडी नाहीत. धावून धापा टाकत असताना गार पाण्यात तोंड बुडवलं तर दोन्ही एकाच वेळी जोरात काम करतात. टक्केवारीत वाटून दाखवण्यासारखं तिथे काही नसतं.

दुसरी गोष्ट मी स्वतः करून बघितली. एका सकाळी नेहमीसारखा श्वास घेत रीडिंग घेतलं : २६. लगेच दुसरं घेतलं, या वेळी मिनिटाला सहा श्वास, पाच सेकंद आत, पाच सेकंद बाहेर. आला ४१. स्कोअर ५८ वरून थेट ८९. दोन मिनिटांत माझं शरीर इतकं ताजं झालं? नाही. दहा सेकंदांचा श्वास रक्तदाबाच्या स्वतःच्या लयीशी जुळतो आणि लाट मोठी होते. सावकाश श्वास चांगलाच आहे, झोपण्याआधी मी रोज दहा मिनिटं तसा घेते आणि मला त्याने खरंच बरं वाटतं. पण रीडिंग घेताना तो घेतला तर कालच्या आकड्याशी तुलना संपली. ॲपने ही सूचना पहिल्याच पानावर द्यायला हवी होती. उलट ते रीडिंगच्या आधी "खोल श्वास घ्या" असं म्हणतं.

तिसरी गोष्ट गंभीर आहे. पाचव्या महिन्यात एक दिवस आकडा आला ११२. स्कोअर ९७, हिरवा रंग, "आज जोरात व्यायाम करा". मी कच्चे आकडे उघडले. तीन मिनिटांत सहा ठिकाणी एक अंतर एकदम आखूड आणि त्यापुढचं एकदम लांब : ८९०, ५४०, १२३०, ८८५. हे व्हेगसचं काम नव्हे, हे मधेच आलेले जादा ठोके. ॲपने त्यांना चढउतार म्हणून मोजलं आणि मला शाबासकी दिली. मी त्या दिवशी पळाले नाही, डॉक्टरांकडे गेले. २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचं, सतत ईसीजी टिपणारं यंत्र लावलं. नॉर्मन होल्टर यांनी हे यंत्र पहिल्यांदा बनवलं तेव्हा ते पाठीवर वाहायचं ३५-४० किलोचं ओझं होतं. आता पेनाच्या डबीएवढं असतं. माझे जादा ठोके निरुपद्रवी निघाले, आठवडाभराची झोप पूर्ण झाल्यावर कमीही झाले. पण ज्याला कच्चे आकडे वाचता येत नाहीत, त्याला हे ॲप त्या दिवशी पळायला पाठवणार होतं. एवढी चूक मी माफ करू शकत नाही. ठेका बिघडला असेल तर रीडिंग नाकारायला हवं, बस.

आणि सहाव्या महिन्यात कच्चे आकडे बाहेर काढायची सोय वर्गणीच्या आड गेली. माझ्याच हृदयाचे आकडे. मी आता दुसरं एक साधं ॲप वापरते. पट्टा कुठल्याही ॲपशी ब्लूटूथने जोडता येतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

याच सहाव्या महिन्यात बाबांची बायपास झाली. ते ७४ वर्षांचे आहेत. अठरा दिवस मी आणि धाकटा भाऊ आळीपाळीने दवाखान्यात होतो. मी रडले नाही, चिडले नाही. फॉर्म, औषधं, विम्याचे कागद, सगळं हातात. नातेवाईक म्हणत होते, ही किती शांत आहे. मलाही तसंच वाटत होतं. सकाळचं रीडिंग सवयीने घेत होते, दवाखान्याच्या खुर्चीत बसून. २७, २३, २०, १७, १५. बसल्या जागी ठोके ६२ वरून ७१. दहाव्या दिवशी मी तो आकडा भावाला दाखवला. सहज म्हणून दाखवला, तक्रार म्हणून नाही. त्याने फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाला, "ताई, तू आत्ता घरी जा. दोन रात्री येऊ नकोस." मी गेले. पहिल्या रात्री नऊ तास झोपले. तिसऱ्या सकाळी २१. शांत दिसणं आणि शांत असणं यांत किती अंतर असतं, ते मला कुणी शब्दांत सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

त्याच दिवसांत घाबरायचंही झालं. मी १९८७ चा एक अभ्यास वाचला. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या ८०८ रुग्णांवरचा, रॉबर्ट क्लायगर आणि सहकाऱ्यांचा. ज्यांचा चढउतार ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी, त्यांना मृत्यूचा धोका १०० पेक्षा जास्त असलेल्यांच्या ५.३ पट. बाबांना पट्टा लावून बघितला तर आकडा ८. माझे हात गार पडले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी शांतपणे समजावलं : तो अभ्यास २४ तासांच्या रेकॉर्डवरचा, आणि सूत्रही वेगळं, पूर्ण दिवसाचा पसारा मोजणारं. तुमचा आकडा तीन मिनिटांचा, लागोपाठच्या ठोक्यांचा. दोन्हींना लोक एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी, ठोक्यांच्या अंतरांतला चढउतार) म्हणतात म्हणून ते एक होत नाहीत. शिवाय बायपासनंतर हा चढउतार घटतोच आणि काही महिन्यांत बराचसा परत येतो. ॲपही कुठेच सांगत नाही की त्याचा एचआरव्ही कुठला. नावापुढे सूत्र लिहायला एक ओळ लागते, आणि त्या एका ओळीने माझी एक रात्र वाचली असती.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात. सेल सात महिने गेला. इलॅस्टिक आठव्या महिन्यात सैल पडलं, पट्टी वेगळी मिळते. घाम वाळू दिला तर पॅचवर मिठाचा थर बसतो आणि संकेत बिघडतो, म्हणून प्रत्येक वेळी साध्या पाण्याने धुते. सेन्सर पट्टीवरून काढून ठेवायचा, नाहीतर ओल्या पॅचमुळे तो चालू राहतो आणि सेल संपतो. सिंथेटिक शर्ट आणि कोरडी हवा असली की सुरुवातीला चुकीचे आकडे येतात. अर्धा गुण गेला तो इलॅस्टिकपायी.

ज्यांच्या हृदयात पेसमेकर आहे किंवा एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर आहे, त्यांना चढउताराच्या आकड्याचा उपयोग नाही. त्यांचा ठेका व्हेगसच्या हातात नसतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे ठोके मंद ठेवणारी गोळी घेणाऱ्यांनी ॲपमधले "झोन", म्हणजे ठोक्यांवरून व्यायामाचा जोर ठरवणारे टप्पे, बंदच करावेत. ती गोळी ॲड्रेनलिनची जागा अडवून बसते, म्हणून ठोके फारसे वर चढत नाहीत. २२० मधून वय वजा करून काढलेल्या कमाल ठोक्यांच्या आकड्याकडे बघून बाबा पळाले असते तर काय झालं असतं, याचा विचारही नको. बाबांना ॲप रोज "व्यायाम फारच हलका" म्हणत होतं, आणि बाबा घामाघूम झालेले असायचे.

बाबांसाठी मी पट्ट्याचा एकच उपयोग ठेवला. फिजिओथेरपिस्टनी आखून दिलेलं चालणं झालं की थांबायचं आणि पुढच्या एका मिनिटात ठोके किती उतरतात ते बघायचं. चालणं थांबल्या क्षणी ठोके खाली आणते ती व्हेगसच. ॲड्रेनलिन ओसरायला त्याहून वेळ लागतो. १९९९ साली क्रिस्टोफर कोल आणि सहकाऱ्यांनी २,४२८ जणांच्या ट्रेडमिल चाचण्या तपासल्या. पहिल्या मिनिटात १२ किंवा त्याहून कमी ठोके उतरणाऱ्यांमध्ये पुढच्या सहा वर्षांत मृत्यू जास्त होते. ट्रेडमिलची चाचणी वेगळी आणि बाबांचं गेटपर्यंतचं चालणं वेगळं, म्हणून १२ ची रेघ मी त्यांना सांगितलेली नाही. फक्त त्यांचा कालचा आकडा आणि आजचा.

पहिल्या आठवड्यात ६ उतरायचे. मग ७, ९, पुन्हा ७, ११. आता ते माझ्याआधी तयार होऊन बसतात, पट्टा स्वतः ओला करतात. गेटपाशी थांबतात, एक हात भिंतीवर टेकवतात आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या फोनकडे बघतात.

"किती उतरले गं?"

"चौदा, बाबा."

"परवा तेरा होते," ते म्हणतात, आणि परत चालायला लागतात.